चार्जरने निवडलेलं खानदान

उत्क्रांतीबद्दल आमच्या काकांना जे काही कळलं ते टीव्हीवरच्या एका कार्यक्रमातून. तोही त्यांनी अर्धाच पाहिला, मध्येच डोळा लागला. पण दुसऱ्या दिवसापासून दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवायला लागले, "जो टिकला तो लायक. निसर्गाचा कायदा आहे, आपण कोण बोलणार?" हे बोलताना हात स्वतःच्या छातीवर. म्हणजे कोण टिकलं आणि कोण लायक, ते समोरच्याने समजून घ्यायचं.

दुकान शोभेच्या माशांचं. पुढे रस्त्याला लागून गाळा, मागे लांबट हॉल, हॉलमध्ये लोखंडी रॅकवर काचेच्या टाक्या आणि हवेच्या पंपाची अखंड घरघर. हे सगळं उभं केलं आमच्या वडिलांनी. ते गेल्यावर घरातले जे जे कामाचे होते ते एकेक करून निघाले. काकांचा मोठा मुलगा परदेशी गेला. मधल्याला चांगली नोकरी लागली. माझ्या ताईला वडिलांखालोखाल माशांतलं कळायचं. तिने एका गॅरेजवाल्याशी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हा काकांनी सांगून टाकलं की जी घराबाहेर पडली तिने दुकानाची पायरी चढायची नाही. मग उरलं कोण? एक काका, ज्यांच्या हातात वडील असेपर्यंत कोणी शटरची किल्लीही देत नसे. दुसरा काकांचा धाकटा, ज्याला आम्ही युवराज म्हणतो, कारण खुर्चीत बसण्याखेरीज तो काही करत नाही. आणि तिसरा मी, जाळीने मासे पकडून पिशवीत भरणारा. माझं नावच पडलंय जाळी. मला दुसरीकडे कोणी घेतलं नाही म्हणून मी राहिलो. असे आम्ही तिघं टिकलो आणि काकांच्या कायद्याने लायक ठरलो.

वडिलांची आयुष्याची कमाई म्हणजे शेंदरी गप्पी. गप्पी तसा साधा मासा, बोटाच्या पेराएवढा. नर रंगीत, मादी मळकट राखाडी. ती अंडी घालत नाही, थेट जिवंत पिल्लं देते. वडिलांनी वर्षानुवर्षं निवडून निवडून असा वाण तयार केला होता की नराची शेपटी पाण्यात निखारा फिरावा तशी दिसायची. त्यांची एकच शिस्त होती. प्रत्येक खेपेतले सगळ्यात लाल नर विकायचे नाहीत, ते मागच्या टाकीत ठेवायचे आणि पुढची पिढी त्यांच्यापासून घ्यायची. गिऱ्हाइकाने हट्ट धरला की हसून म्हणायचे, "तो विकायचा नाही हो, तो आमचा जावई आहे."

काकांनी पहिल्या आठवड्यातच ही शिस्त मोडीत काढली. गिऱ्हाईक बोट दाखवेल तो मासा द्यायचा. आता गिऱ्हाईक कुठे बोट दाखवणार? लालावर. मी जाळी घालायचो, सगळ्यात लाल नर उचलायचो, पिशवी बांधून द्यायचो. मग त्याच्याखालचा लाल. मग त्याच्याखालचा. शेवटी टाकीत जे फिक्कट, बावळट, कोणाच्या नजरेत न भरणारे राहायचे, त्यांच्यावर वंश वाढवायची जबाबदारी. वर काका सांगणार, "आपल्याकडे फक्त उत्तम माल जातो." जातो हे खरंच होतं. उत्तम जायचा आणि भंगार बापपण करायचं. बघता बघता शेंदरी नुसता नारिंगी झाला, मग पिवळट, मग गढूळ चहासारखा.

मी ताईला हे सांगायचो. तिचं घर गॅरेजच्या मागे, दोन खोल्या आणि अंगण. ती कपडे वाळत घालता घालता ऐकायची.

"पालिकेच्या त्या जुन्या हौदात बगळा बसतो, पाहिलास?" एकदा ती म्हणाली. "डासांसाठी गप्पी सोडलेत तिथे. त्यात एखादा लाल निघाला की बगळ्याला आधी तोच दिसतो. म्हणून हौदातले सगळे मळकट. तुमचं दुकानही तेच करतंय. काका म्हणजे बगळाच."

"काकांना सांगू का?"

"सांग ना. फक्त एक फरकही सांग. बगळा निदान वाकडे आणि मंद पण खातो. हौदातला गप्पी रंगाने मळका असेल, पण पळायला असा की हातात येत नाही. तुमच्याकडे वाकडे खायला कोणी नाही. ते तुम्ही जपून ठेवता."

वाकड्यांसाठी खरोखरच एक टाकी होती. जन्मतःच कणा वाकलेली पिल्लं मी त्यात टाकायचो. कोणी घ्यायचं नाही, मारायला जीव व्हायचा नाही. तिला आम्ही भंगार टाकी म्हणायचो. ती रॅकवर नव्हती, खाली जमिनीवर, युवराजच्या खुर्चीजवळ होती. तिचा हीटर खुर्चीजवळच्या बोर्डाला लावलेला.

त्या थंडीत सगळ्या टाक्यांचे हीटर, खालच्या भंगार टाकीचाही, ज्या एका कंट्रोलरवर चालायचे तो अडकला आणि रात्रभर पाणी तापत राहिलं. सकाळी शटर वर केलं तर हॉलमध्ये वाफेचा आणि मेलेल्या माशांचा वास. एकूण एक टाकीत पांढरी पोटं वर. वडिलांचा सगळा वाण उकडून निघाला होता. काका मटकन खाली बसले. युवराज म्हणाला, "अरे, हे बघा!"

भंगार टाकीतले वाकडे मात्र मजेत पोहत होते. तिचा हीटर चालूच नव्हता. आदल्या संध्याकाळी युवराजने त्याचा प्लग काढून तिथे आपल्या मोबाइलचा चार्जर लावला होता, आणि परत लावायला विसरला होता.

काकांनी त्या दिवशी ताईला बोलावून घेतलं. संकटात घराबाहेरची माणसं घरातली होतात. ताई आली, एकेक टाकी पाहत गेली. वडिलांच्या मागच्या टाकीपाशी जरा जास्त वेळ थांबली. मग खाली बसून तिने भंगार टाकीच्या काचेला नाक लावलं आणि मला हाताने खुणावलं. वाकड्यांच्या गर्दीत काही नर लाल होते. लाल असूनही कोणी घेतले नव्हते, कारण पाठ धनुष्यासारखी. नको असल्यामुळे ते विकले गेले नव्हते आणि विकले न गेल्यामुळे वडिलांचा रंग तेवढा जगला होता.

तोवर काका सावरले होते. नुसते सावरले नाहीत, त्यांचा चेहराच उजळला.

"बघा!" ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या संकटात कोण टिकलं? हे टिकले. निसर्गाने निवडलं ह्यांना. ह्या वाकलेल्या पाठीतच काहीतरी ताकद असणार."

ताईने मान वर केली. "काका, निसर्गाने नाही निवडलं. युवराजच्या चार्जरने निवडलं."

"म्हणजे?"

"म्हणजे तो चार्जर दुसऱ्या टाकीच्या हीटरच्या जागी लागला असता तर दुसरे वाचले असते. ह्यात लायकी कुठे आली? थोडेच उरले की जे उरतात त्यांचं व्यंग सगळ्यांचं व्यंग होतं. ह्यांच्यातच पिढ्या काढल्यात तर उद्या तुमच्याकडे सरळ मासा औषधाला मिळणार नाही."

"मी विसरलो म्हणून वाचले ना?" युवराज म्हणाला. "मग माझं कौतुक कर की, ताई."

"करते. अजून काय काय विसरलास ते आठव."

काकांनी तिचं बोलणं हवेत उडवून लावलं. त्यांच्या डोक्यात तोवर पाटीही रंगली होती. दुसऱ्या दिवशी ती दुकानावर लागली: 'धनुर्धर गप्पी. खानदानी वाण. फक्त आमच्याकडे.'

आणि लोकांनी घेतले! माणसाला पाटीवर लिहिलेलं दिसतं, टाकीतलं दिसत नाही. वाकडा मासा धड पोहूही शकत नव्हता, दर थोड्या वेळाने तोल जाऊन कलंडायचा, तर काका सांगायचे, "ही त्याची अदा आहे." शेजारच्या दुकानदाराने तर आपल्या सरळ माशांची लाज वाटून पडदा लावला.

त्या उकडलेल्या सकाळी जायच्या आधी ताईने एकच गोष्ट मागितली होती. "ते लाल नर मला थोडे दिवस द्या. मी हौदातल्या माद्यांबरोबर ठेवते. गप्पीत ही शेपटीची लाली बापाकडून मुलाकडे जाते, आई कोणीही असो. आणि आई धडधाकट असली की पिल्लांचा कणा बहुतेक सरळ निघेल. बाबांचा रंग वाचेल, काका. एवढंच राहिलंय त्यांचं."

काकांचा चेहरा असा झाला की जणू तिने घरात चोर आणून बसवायला सांगितलं. "गटारातल्या माद्या? आमच्या खानदानात? स्वतः केलंस ते पुरे झालं नाही वाटतं."

ताई उठली. चप्पल घातली आणि गेली. त्या दिवसापासून पायरी पुन्हा बंद.

पुढचं व्हायचं तेच झालं. लाल धनुर्धर जन्मला की आधी तोच विकला जायचा. उरलेल्यांची आपसांत, म्हणजे बहिणीची भावाशी आणि आत्याची भाच्याशी, अशी लग्नं. खेपेला पिल्लं कमी व्हायला लागली. झाली तीही पाण्याच्या तळाशी पडून राहायची. वाकड्या माद्यांना पिल्लं बाहेर टाकताच येईनात, पोट फुगून मरायच्या. काका म्हणायचे, "कमजोर गळतायत. गळू देत. वंश शुद्ध होतोय." शुद्ध होता होता टाकीत लाल नर राहिले दोन. ते दोन संपले की वडिलांचं ह्या जगात काही उरणार नव्हतं, हे मला कळत होतं, ताईला कळत होतं आणि काकांना विकायचे होते.

ताईने गुपचूप तयारी सुरू केली होती. हौदातली अगदी बारकी पिल्लं आणून ती अंगणातल्या टबात वाढवत होती. नर ओळखू आला की लगेच दुसरीकडे काढायची. त्यामुळे माद्या अशा तयार झाल्या की त्यांनी नराचं तोंड पाहिलेलं नाही. एक दिवस त्यातल्या काही तिने मला पिशवीत बांधून दिल्या.

"नर बाहेर आणता येत नाहीत ना? मग ह्यांना आत ने. त्या दोघांबरोबर सोड."

"काकांना कळलं तर?"

"काका मादीकडे कधी बघतात?"

मी सोडल्या. त्यांच्या पोहण्याने टाकीत वारं आल्यासारखं झालं. दोन लाल म्हातारे तोल सावरत त्यांच्यामागे लागले. मी पाहत राहिलो आणि प्रार्थना करत राहिलो की कोणी गिऱ्हाईक येऊ नये. काही दिवस कोणी आलंही नाही.

मग हॉटेलवाला आला. मोठं हॉटेल, दाराशी मोठी टाकी, तिच्यात काहीतरी कोणाकडे नसलेलं हवं. काका त्याला थेट हॉलमध्ये घेऊन आले. तो वाकला, पाहिलं, बोट दाखवलं. "ते दोन लाल."

"नजर आहे तुमची," काका म्हणाले. "ए जाळी, काढ ते दोघं."

"काका, हे शेवटचे आहेत. हे तरी राहू देत."

"तुला कोणी विचारलंय?"

"पण ह्यांच्यानंतर..."

"ह्यांच्यानंतर दुसरे येतील. खानदान आहे ते. काढ म्हणतो ना!"

मी जाळी घातली. वाकडे मासे पकडायला कौशल्य लागत नाही. दोघं पिशवीत आले. ताईला काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. तेवढ्यात काकांचं लक्ष टाकीतल्या बाकीच्यांकडे गेलं. हॉटेलवाल्यासमोर माल कसा नंबर एक आहे हे दाखवायला ते वाकले आणि तसेच राहिले.

"ह्या कोण?" ते ओरडले. "ह्या सरळ पाठीच्या कुठून आल्या?"

मी पिशवीला रबर लावत राहिलो.

"हौदातल्या ना? तिने पाठवल्या ना? बघा साहेब, घरचीच माणसं कशी भेसळ करतात! आमच्या टाकीत सरळ मासे!"

"माफ करा हं," युवराज हॉटेलवाल्याला म्हणाला, "असं आमच्याकडे कधी होत नाही."

"एकूण एक बाहेर काढ," काका मला म्हणाले. "जिथून आल्या तिथे नेऊन ओत. एकही राहता कामा नये. मी मोजतो."

त्यांनी खरंच उभं राहून पाहिलं. पकडताना मला घाम फुटला, त्या इतक्या चपळ. काकांनी टाकीचा कोपरा न् कोपरा तपासला आणि शेवटची सरळ पाठीची मादी बादलीत गेल्यावरच हुश्श केलं. हॉटेलवाला आपले दोन शूर वाकडे घेऊन गाडीत बसला. मी बादली घेऊन ताईकडे गेलो. वाटेत मला तीन वेळा वाटलं की बादली हौदात ओतावी आणि घरी जावं.

दाजी गाडीखाली झोपून काहीतरी ठोकत होते. ताई अंगणात होती. मी बादली तिच्यासमोर ठेवली. "गेले, ताई. दोघंही. मला काही करता आलं नाही. ह्या तेवढ्या परत दिल्या, हाकलून."

तिने बादलीत पाहिलं. मग एका मादीला वाटीत घेऊन उजेडात धरलं. मग दुसरीला. आणि हसायला लागली. साधंसुधं नाही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काकांनी स्वतः मोजून दिल्या?"

"एकूण एक."

"अरे वेड्या, हे बघ पोट. शेपटीच्या अलीकडे काळा डाग दिसतोय? गाभण आहेत. गप्पीची मादी एकदा नराजवळ राहिली की त्याचं बीज महिनोन्‌महिने सांभाळून ठेवते. नर मेला, विकला गेला, काही झालं तरी तिच्या एकामागून एक खेपा होत राहतात. काकांनी रंग विकला आणि वंश माझ्या अंगणात पाठवून दिला."

दाजी गाडीखालून बाहेर आले, तोंडाला काळं. "म्हणजे जिंकलो की हरलो?"

"अजून काही नाही. मांजर आलं तर हरलो."

ती चेष्टा करत नव्हती. पिल्लं झाली तेव्हा तिने ती एका टबात ठेवली नाहीत. काही स्वतःकडे, काही शेजारणीच्या गच्चीवर, काही माझ्या खोलीत खिडकीखाली. मी म्हटलं, एवढा पसारा कशाला? तर म्हणाली, "मासा कितीही चांगला असला तरी टबाला लाथ बसली की चांगुलपणा उपयोगी पडत नाही. नशिबाचा फटका बसायचा तर एकाच ठिकाणी बसू दे." आणि बसलाच. शेजारणीने गच्ची धुताना साबणाचं पाणी टबात गेलं आणि तिथली सगळी मेली. त्यांत कोण होतं, किती गुणी होतं, कधीच कळलं नाही. मेलेल्यांबद्दल कोणी कायदा सांगत नाही.

राहिलेल्यांचे कणे सरळ होते. नुसते सरळ नाही, दोरी ताणावी तसे. आणि एका सकाळी खिडकीखालच्या टबात मला एका नराच्या शेपटीत लाल टिंब दिसलं. काही दिवसांत त्याची रेघ झाली, मग पूर्ण पंखा. मी टब उचलून ताईकडे धावलो, अर्धं पाणी अंगावर सांडलं. तिने पाहिलं. पदराने हात पुसले. पुन्हा पाहिलं.

"बाबांना दाखवायला हवं होतं," एवढंच म्हणाली आणि टबावर फळी ठेवली, ऊन लागू नये म्हणून.

धनुर्धरांचं राज्य तोवर आटोपलं होतं. हॉटेलातले दोघं गोल गोल फिरून मेले आणि हॉटेलवाल्याने त्या टाकीत प्लास्टिकचे मासे सोडले, ते म्हणे जास्त चांगले पोहतात. काकांच्या टाकीत काही पोटफुग्या माद्या तळाशी पडून होत्या. मी काम सोडलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं नाही, म्हणाले, "टिकला नाहीस."

पण कोणीतरी त्यांना सांगितलंच. एका रविवारी काका युवराजला घेऊन गॅरेजमध्ये आले. ताईने स्टूल दिलं, बसले नाहीत. टबाशी गेले. आत लाल नर फिरत होते, वडिलांच्या हयातीत फिरायचे तसेच. काका बराच वेळ पाहत राहिले आणि एका क्षणी मला वाटलं, हा माणूस आता आपल्या दादाची, म्हणजे आमच्या वडिलांची, आठवण काढून रडणार.

"पाहिलंस?" ते युवराजला म्हणाले. "रक्त. कुठेही फेका, उगवून येतं. शेवटी निवड आपलीच."

ताई म्हणाली, "काका, ह्यांच्या आया हौदातल्या आहेत. तुम्ही हाकललेल्या."

"आईचं काय घेऊन बसलीस? वंश बापाचा."

"हो का? मग आमच्या पोरांनाही हेच लागू. त्यांच्या बापाला नमस्कार करा, तो बघा गाडीखाली आहे."

दाजींनी गाडीखालूनच हात बाहेर काढून हलवला. काकांनी तिकडे पाहिलं नाही.

"ते जाऊ दे," ते म्हणाले. "दुकान ओस पडलंय. हे मला दे. घरचंच आहे."

मला वाटलं ती नाही म्हणेल. माझ्या तोंडावर तर शिवी आली होती. पण ती म्हणाली, "न्या की. पण नर-मादी मिळून न्या. ह्याच टबातल्या राखाडी माद्या. तुमच्या वाकड्यांत घालू नका ह्यांना, पुन्हा सगळं वाकडं निघायला लागेल. माद्या चांगल्या आहेत, पिल्लं भरपूर देतात."

काकांनी टबात पुन्हा डोकावलं. राखाडी माद्या तळाशी चरत होत्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी नाक मुरडलं.

"माद्या नकोत. आमच्याकडे खानदानी आहेत. नर तेवढे दे. लाल लाल बघून."

"काका, ऐका माझं. मादी न्या."

"मला शिकवू नकोस. नर दे."

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी जाळी घेतली. सगळ्यात लाल होते ते फळीच्या सावलीत होते. त्यांना तिथेच राहू दिलं आणि त्यांच्याखालचे दोन काढले. पिशवीत हवा भरली, रबर लावलं. काकांनी ती उन्हात धरली, एक डोळा मिटून पाहिलं आणि पसंतीची मान डोलावली. थँक्यू वगैरे काही नाही.

फाटकाशी त्यांना गॅरेजमध्ये आलेलं एक गिऱ्हाईक भेटलं, त्याची गाडी अजून दुरुस्त व्हायची होती. काकांनी त्याला थांबवून पिशवी दाखवली आणि त्यांचं 'जो टिकला तो लायक' सुरू झालं. युवराज बाजूला उभा राहून मोबाइल लावायला भिंतीवर कुठे बोर्ड आहे का ते शोधत होता. ताई खाली बसली आणि राखाडी माद्यांना चिमटीने खाणं टाकायला लागली.